भरतीची तारीख आणि घरातले उपाय

प्रश्न : डॉक्टरबाई, सप्रेम नमस्कार. माझे वय २६ वर्षे असून हे माझे पहिलेच बाळंतपण आहे. मी माहेरी, खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढच्या एका गावात आले आहे. काल ३७ आठवडे पूर्ण झाले. ३४व्या आठवड्यात रक्तदाब वाढलेला दिसल्यापासून गोळ्या चालू आहेत. बाळाची वाढ सोनोग्राफीत चांगली दिसली आहे. बेळगावच्या डॉक्टरांनी ३८ आठवडे पूर्ण होण्याच्या सुमारास भरती होऊन कळा सुरू करण्याची तारीख दिली आहे. सासूबाई म्हणतात की सलाईनच्या कळा सोसवत नाहीत आणि शेवटी सिझरच होते, त्यापेक्षा भरतीच्या आदल्या दिवशी एरंडेल घ्यावे. आई रोज घरासमोरच्या पायऱ्या चढायला-उतरायला लावते, शेजारच्या काकू खजूर, अननस आणि कच्ची पपई सुचवतात, आणि स्तनाग्रे चोळल्याने कळा येतात असे मी मोबाईलवर वाचले. तारखेआधीच नैसर्गिकरीत्या कळा याव्यात म्हणून यांतले काय करावे?

उत्तर : तुमचे पत्र वाचताना खजूर आणि पपईच्या आधी माझी नजर अडली ती रक्तदाबाच्या गोळ्यांवर. ज्या स्त्रीला कोणताही आजार नाही आणि जिची तारीख केवळ उलटत चालली आहे, तिला मी जे सांगितले असते ते सगळे तुम्हाला लागू पडत नाही, आणि हा फरक घरातल्या वडीलधाऱ्यांना समजावून सांगणे हे या पत्राचे निम्मे काम आहे.

गरोदरपणात चढलेला रक्तदाब वारेतल्या रक्तपुरवठ्यावर आणि आईच्या मेंदू, यकृत व मूत्रपिंडावर परिणाम करू शकतो, आणि त्यावर खरा उतारा प्रसूती हाच असतो. गोळ्या फक्त मधला काळ सांभाळून नेतात. म्हणूनच ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर अशा मातांची प्रसूती लांबवण्यात शहाणपण नसते. नेदरलँड्समध्ये अशाच ७५६ स्त्रियांवर केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या कळा ठरवून सुरू केल्या त्यांच्यापैकी ३१ टक्के मातांना गुंतागुंत झाली, तर वाट पाहत राहिलेल्यांमध्ये हे प्रमाण ४४ टक्के होते, आणि सासूबाईंनी ऐकून ठेवावी अशी गोष्ट म्हणजे कळा आणलेल्या गटात सिझरचे प्रमाण वाढले नाही. ‘कळा आणल्या की सिझर ठरलेले’ हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे, त्याला कारणही आहे: ज्यांचे सिझर होते त्यांची गोष्ट आळीभर फिरते आणि ज्यांची प्रसूती सुरळीत होते त्यांना कोणी विचारत नाही. सलाईनच्या कळा काही जणींना जास्त झोंबतात हे मात्र खरे आहे, आणि वेदना कमी करण्याची काय सोय आहे हे भरती होण्यापूर्वीच विचारून ठेवण्यात संकोच बाळगू नये.

आता उपायांकडे वळू. कळा येणे हे गर्भपिशवीच्या तोंडाच्या तयारीवर पुष्कळ अवलंबून असते. एरवी हे तोंड आपल्या नाकाच्या शेंड्यासारखे टणक, लांबट आणि मागे वळलेले असते. प्रसूती जवळ आली की ते ओठांसारखे मऊ होते, आखूड होते, पुढे येते आणि बोटभर उघडते. तपासणीत डॉक्टर हेच पाहतात आणि त्याला गुण देतात. १९६४ साली बिशप नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ही पद्धत मांडली, म्हणून कागदावर ‘बिशप स्कोअर’ असे लिहिलेले असते. तेरापैकी आठ किंवा त्याहून अधिक गुण असतील तर तोंड तयार आहे, सहा किंवा त्याहून कमी असतील तर आधी ते मऊ करावे लागेल, असा त्याचा साधारण अर्थ. पुढच्या तपासणीत आपले गुण किती आहेत हे अवश्य विचारा, कारण तोंड टणक असताना घरातला कोणताही उपाय ते उघडत नाही, आणि ते मऊ झालेले असेल तर पुष्कळदा उपायाविनाही कळा येतात. मग श्रेय त्या दिवशी जे खाल्ले असेल त्याला मिळते.

एरंडेलाबद्दल सासूबाई म्हणतात त्यात तथ्य अजिबात नाही असे मी म्हणणार नाही. एरंडेलातले रिसिनोलेइक आम्ल आतड्यांच्या आणि गर्भाशयाच्या स्नायूंना एकाच प्रकारे चाळवते, हे २०१२ साली उंदरांवरच्या प्रयोगात दिसले आहे. म्हणजे आपल्या आज्या गरम चहात किंवा आल्याच्या काढ्यात ते देत होत्या त्यामागे निरीक्षण होते. परंतु ते आधी पोटावर काम करते. रात्रभर मळमळ, जुलाब आणि पोटातला पीळ सोसून पहाटे अंगातले पाणी कमी झालेली, झोप न झालेली बाई प्रसूतीला सामोरी जाते, आणि रक्तदाब असलेल्या बाईच्या बाबतीत ही सुरुवात चांगली नाही. शिवाय जुलाबाचा पीळ कोणता आणि कळ कोणती हे पहिलटकरणीला कळत नाही. तुम्ही एरंडेल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्तनाग्रांच्या चोळण्याने शरीरात ऑक्सिटोसिन हे कळा आणणारे संप्रेरक स्रवते आणि कळा येऊ शकतात, ही गोष्ट खरी आहे. तोंड तयार असलेल्या, धोका नसलेल्या स्त्रियांमध्ये तीन दिवसांच्या आत कळा सुरू होण्याचे प्रमाण त्यामुळे वाढलेले आढळले. पण मोबाईलवर बहुधा सांगितले नसेल ते हे, की धोक्याच्या गटातल्या स्त्रियांवरचा असाच एक अभ्यास बाळांच्या मृत्यूंमुळे मध्येच थांबवावा लागला होता. कळा एकापाठोपाठ एक, विसाव्याविना आल्या तर वारेतून बाळाला मिळणारा प्राणवायू कमी पडतो. रुग्णालयात अशा वेळी ठोके ऐकू येतात आणि सलाईन बंद करता येते, घरी यांतले काहीच करता येत नाही. रक्तदाब असताना घरी हा प्रयोग करू नका.

खजुराविषयी मात्र आनंदाने लिहिते. जॉर्डनमधल्या एका अभ्यासात ज्या स्त्रियांनी तारखेआधीचे चार आठवडे रोज सहा खजूर खाल्ले, त्या प्रसूतीसाठी आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीचे तोंड जास्त उघडलेले होते आणि औषधाने कळा आणण्याची गरज कमी जणींना पडली. अभ्यास लहान होता, आणि तुमच्या हातात चार आठवडे नाहीत, फक्त एक आहे. तरीही दुपारच्या चहाबरोबर दोन-तीन खजूर खाण्यात काही वाईट नाही; साखरेचा त्रास असलेल्या वाचकांनी मात्र हा सल्ला स्वतःला लावून घेऊ नये, कारण मोठ्या मऊ जातीच्या एकेका खजुरात १८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात आणि सहा खजूर म्हणजे दोन जेवणांइतका भार होतो. अननसाच्या दोन फोडींनी कळा येत नाहीत, फार तर जीभ चरचरते. कच्च्या पपईच्या चिकामुळे प्राण्यांच्या गर्भाशयाचे आकुंचन झालेले प्रयोगात दिसले आहे, तेव्हा तिच्या वाटेला न गेलेले बरे. तिखट जेवणाने कळा येत असत्या तर आपल्या भागात एकही बाई नवव्या महिन्यापर्यंत पोहोचली नसती.

आईंचा चालण्याचा आग्रह मला मान्य आहे, पायऱ्यांचा नाही. सकाळ-संध्याकाळ अंगणात किंवा सपाट रस्त्यावर दम न लागता अर्धा तास चालल्याने अंग मोकळे राहते, झोप लागते, आणि बाळाचे डोके खाली सरकायला थोडी मदत होत असावी. मात्र केवळ चालून कळा सुरू होतात असा भरवसा देता येत नाही. डॉक्टरांनी चालण्याला मनाई केली नसेल तर हे अवश्य करा. तुमच्या बाजूला या दिवसांत पावसाने शेवाळलेल्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या किती निसरड्या होतात हे तुम्हाला मी सांगायला नको. नवव्या महिन्यात शरीराचा तोल पुढे गेलेला असतो आणि पोटाखालची पायरी दिसतच नाही. पतिपत्नी-संबंधांनी कळा लवकर येतात असा ठोस पुरावा नाही, आणि तुम्ही माहेरी असल्याने तो प्रश्न बहुधा उद्भवत नाही.

ज्या उपायामागे खरोखर पुरावा आहे तो घरचा नाही. तपासणीच्या वेळी डॉक्टर पिशवीच्या तोंडातून बोट घालून पाणमोटीचा पडदा भोवतालून सैल करतात. त्याने शरीरातच प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये स्रवतात आणि औषधाविना कळा सुरू होण्याची शक्यता वाढते. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले असता, हे न केलेल्या हजार स्त्रियांपैकी सुमारे ६०० जणींच्या, तर केलेल्यांपैकी सुमारे ७२० जणींच्या कळा आपोआप सुरू झालेल्या दिसल्या. हे करताना दुखते, नंतर दिवसभर ओटीपोटात ओढल्यासारखे होते आणि थोडा लालसर स्राव जातो, याची तयारी ठेवावी. तोंड अजून घट्ट बंद असेल तर बोटच जाणार नाही. भरतीच्या एक-दोन दिवस आधी तपासणी असेल तर ‘माझ्या बाबतीत हे करता येईल का’ असे विचारा, आणि डॉक्टरांनी ‘नको’ म्हटले तर त्यामागे कारण असेल असे समजा.

तारखेच्या बाजूनेही दोन शब्द सांगितले पाहिजेत. जांबोटीपलीकडच्या गावांतून पावसाळ्याच्या रात्री कळा घेऊन बेळगावला यायचे म्हणजे काय, हे त्या भागातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे: झाड आडवे पडलेले, फोनला रेंज नाही, आणि १०८ची गाडी निघाली तरी घाटरस्त्यावर तिला वेळ लागतोच. भरतीची तारीख मिळाल्याने तुमची या सगळ्यातून सुटका झाली आहे. घरी एरंडेल घेऊन मध्यरात्री कळा ओढवून घेतल्या तर जिथे रक्तदाब मोजायला आणि बाळाचे ठोके ऐकायला कोणी नाही नेमक्या त्याच रस्त्यावर, जीपमध्ये, त्या वाढतील. कळा कोणत्या मार्गाने सुरू झाल्या यापेक्षा त्या सुरू होताना तुम्ही कुठे आहात याला तुमच्या बाबतीत जास्त महत्त्व आहे.

भरतीनंतर काय होते तेही थोडक्यात सांगते, कारण भीती बहुतेक अज्ञानाची असते. तोंड टणक असेल तर आत जेल ठेवतात, किंवा अगदी कमी मात्रेची गोळी दर दोन तासांनी देतात, किंवा रबरी नळीच्या टोकाचा फुगा पाण्याने फुगवून तोंडाच्या आतल्या बाजूला ठेवतात; तोंड तीन-चार सेंटिमीटर उघडले की तो फुगा आपोआप खाली येतो. सलाईनमधून ऑक्सिटोसिन देण्याची पायरी त्यानंतरची आहे, आणि काही जणींना त्याची गरजच पडत नाही. नागपुरात रक्तदाब असलेल्या ६०२ स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात चोवीस तासांच्या आत योनीमार्गे प्रसूती झालेल्यांचे प्रमाण गोळीच्या गटात ५७ टक्के, तर फुग्याच्या गटात ४७ टक्के होते. म्हणजे पहिला दिवस सरला आणि बाळ आले नाही, तर काही बिघडले असे समजून सोबतच्या मंडळींनी ‘करून टाका सिझर’ म्हणत डॉक्टरांच्या मागे लागू नये. जाताना तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर मातेला मिळणारे नोंदणीचे कार्ड), सगळे सोनोग्राफीचे कागद आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी बरोबर घ्या. संमतीचा कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल आणि तो वाचता येत नसेल तर सही करण्यापूर्वी मराठीत समजावून मागा. बेळगावच्या रुग्णालयांत मराठी बोलणारी एखादी नर्सबाई सहसा भेटतेच.

तारखेपर्यंत थांबू नये अशी लक्षणे मात्र घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. डोके सतत ठणकणे, डोळ्यांपुढे चांदण्या किंवा अंधारी येणे, बरगडीखाली उजवीकडे दुखणे, चेहरा एकाएकी सुजणे, पाणी किंवा रक्त जाणे, आणि बाळाची हालचाल कमी होणे, यांतले एकही दिसले तर त्याच वेळी निघावे. हालचालींची शंका आली तर डाव्या कुशीवर निजून मोजा. दोन तासांत दहा हालचाली भरल्या नाहीत तर सकाळची वाट पाहू नका.

प्रश्न : माझ्या मुलीचे पहिले बाळंतपण तीन वर्षांपूर्वी सिझरने झाले. आता तिला ३८ आठवडे पूर्ण झाले आहेत. डॉक्टरांनी सांगितले आहे की पुढच्या दहा दिवसांत आपोआप कळा आल्या तर नॉर्मलचा प्रयत्न करू, नाहीतर सिझर. आमच्या गावात औषधे देणारे एक गृहस्थ आहेत. ते म्हणाले की अर्धी गोळी दिली की रातोरात कळा येतात, आमच्या भागात पुष्कळ जणींना दिली आहे. तसे करावे का? (एक आई, निपाणी तालुका)

उत्तर : ताई, ही गोळी कोणत्याही परिस्थितीत देऊ नका. घरात आणून ठेवली असेल तर आजच टाकून द्या.

त्या गृहस्थांनी नाव सांगितले नसले तरी ही गोळी बहुतेक मिसोप्रोस्टॉलची असावी. ती दुकानात साधारणपणे २०० मायक्रोग्रॅमची मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने कळा आणण्यासाठी सांगितलेली तोंडाने घ्यायची मात्रा २५ मायक्रोग्रॅम, म्हणजे त्या गोळीचा आठवा भाग, इतकीच आहे, आणि तीही रुग्णालयात, ठोक्यांवर लक्ष ठेवून. अर्धी गोळी म्हणजे त्याच्या चौपट झाली. त्याहून गंभीर बाब अशी की जिच्या गर्भाशयावर सिझरचा व्रण आहे तिला या शेवटच्या महिन्यांत कळा आणण्यासाठी ही गोळी रुग्णालयातही देत नाहीत, कारण कळांचा जोर एकदम वाढून जुना व्रण उसवू शकतो. आपोआप आलेल्या कळांमध्येसुद्धा सुमारे दोनशेंत एकीच्या बाबतीत तसे घडते. म्हणूनच तुमच्या डॉक्टरांनी ‘आपोआप’ हा शब्द वापरला आहे. व्रण उसवला तर आई आणि बाळ या दोघांना वाचवायला काही मिनिटेच मिळतात, आणि निपाणीजवळच्या खेड्यातून ती मिनिटे पुरत नाहीत.

हीच गोळी गावोगावी ओळखीची होण्यामागे एक चांगली कथाही आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत १६२० स्त्रियांवर झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रसूतीनंतर लगेच परिचारिकांनी ६०० मायक्रोग्रॅमची मात्रा तोंडाने दिली, तेव्हा अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. जगभर त्याचा दाखला दिला जातो. पण ती मात्रा बाळ बाहेर आल्यानंतरची होती, आणि बाळ पोटात असताना तेच औषध घातक ठरते. घरी येऊन टोचले जाणारे ‘कळांचे इंजेक्शन’ याच माळेतले आहे. गाडीभाडे वाचते म्हणून ते टोचून घेतलेल्या एका बाईला फाटलेल्या गर्भाशयासह टेबलावर घेण्याची वेळ माझ्यावर एकदा आली होती, आणि तो दिवस मी विसरलेले नाही.

मुलीला रोज चालू द्या, पुरेसे झोपू द्या, आणि पडदा सैल करण्याचा जो उपाय वर सांगितला आहे तो तिच्या बाबतीत चालेल का हे तिच्या डॉक्टरांनाच विचारा. कळा सुरू झाल्या की घरी वाट पाहत बसू नका. जुन्या टाक्यांच्या जागी दोन कळांच्या मधल्या काळातही दुखत राहिले तर ते आल्याबरोबर सांगा. दहा दिवसांत कळा आल्या नाहीत आणि सिझर झाले, तर त्यात मुलीचे काही कमी पडले असे कोणी म्हणू नये, तुम्हीही मनात आणू नये.

प्रश्न : माझ्या पत्नीची तब्येत उत्तम आहे. गुरुजींनी काढून दिलेला दिवस ३७ आठवडे आणि ४ दिवसांवर येतो. डॉक्टर त्या दिवशी कळा आणायला तयार नाहीत. नैसर्गिक उपायांनी त्या दिवशी प्रसूती घडवता येईल का? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर : घडवता येणार नाही आणि घडवू नये. डॉक्टरांचे बरोबर आहे. आईला किंवा बाळाला कारण नसेल तर ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी प्रसूती ओढून आणल्यास बाळाला श्वासाचा त्रास, कावीळ आणि दूध ओढता न येणे यांचा धोका वाढतो. अखेरच्या आठवड्यांत त्याची फुप्फुसे आणि मेंदू झपाट्याने तयार होत असतात. वरच्या खानापूरच्या बहिणींची तारीख ३८ आठवड्यांची आहे ती रक्तदाबामुळे. तुमच्या पत्नीला तसे काही नाही.

आठवडे मोजण्यातही घरोघरी चूक होते. आपले ‘नऊ महिने नऊ दिवस’ शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरले तर डॉक्टरांच्या २८० दिवसांशी जवळजवळ जुळतात, पण पुष्कळ ठिकाणी पाळी चुकल्यापासून महिने मोजले जातात, किंवा ‘गणपती गेले आणि पाळी आली’ अशा आठवणीवर हिशेब चालतो, आणि त्यात दोन-तीन आठवड्यांचा फरक सहज पडतो. पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीचा कागद काढा आणि त्यावरची तारीख खरी माना. गुरुजींना पत्रिकेसाठी जन्मवेळ लागेल, ती बाळ जन्मल्यावर नर्सबाई वॉर्डातल्या घड्याळावर बघून कागदावर लिहितात. तीच त्यांना द्यावी.